फेणेची हजेरी

‘चिकित्सक नजरेने’ फास्टर फेणे वाचायला घेतला की मोठी माणसं आधी हजेरीपट उघडतात. फुरसुंगीचा बनेश फेणे शिकतो पुण्याच्या विद्याभवनात, मग गुलमर्गला कसा? रजेचा अर्ज दिला होता का? भा. रा. भागवतांचा हा हाडकुळा पोरगा सायकल हाणतो, ‘ट्टॉक’ करतो आणि पोलिसांच्या आधी चोराला गाठतो. हे म्हणे अजिबात पटत नाही!

असे आक्षेप नाशिकच्या इंदिरानगरातल्या जॉगिंग ट्रॅकवर बसून घ्यावेत हे तर विशेषच. संध्याकाळी महामार्गाखालच्या बोगद्यापाशी जरा उभं राहून बघा. चारचाक्या हॉर्न बडवत तुंबलेल्या असतात आणि शाळकरी पोरगं कडेकडेने सायकल काढून पसार होतं. चोर गाडीत असेल, तर फेणेला ‘ट्टॉक’ करायलाही फुरसत मिळेल.

गुंड आपला बेत नेमका पोरांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्याने बोलतात, ही तक्रार मात्र रास्त. पण खरी अशक्य गोष्ट वेगळीच आहे: पोरगं दिवसभर बाहेर, ना क्लास, ना आईचा एकही फोन. समीक्षकांनी तेवढं धरावं, बाकी सोडावं.