अण्णांचा संग्रह लिलावात कसा काढावा? (नवशिक्या वारसांसाठी)

आधी तेरावा होऊ द्या. चौदाव्या दिवशी माळ्यावर चढलात तर भाऊबंद फारसं बोलत नाहीत.

मग वस्तू पुसायला घ्या, पण चित्राच्या पाठीवर अण्णांनी पेन्सिलीने खरडलेल्या दोन ओळी पुसू नका. चित्र कुठून, कुणाकडून, कधी आलं ते तिथेच असतं आणि बोली त्यावरच चढते. मोडीतले कागद वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे; तसल्याच कागदांसाठी इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव वणवण हिंडले.

लंडनचा भाव ऐकून जळगावात लगेच मंगल कार्यालय बुक करू नये. शंभर वर्षांवरची मूर्ती किंवा चित्र, पंचाहत्तर वर्षांवरची मोलाची पोथी १९७२च्या कायद्याने तुम्हाला देशाबाहेर पाठवता येत नाही. इथल्या लिलावातही हातोडा पडला तो आकडा तुमचा नव्हे. त्यातून कमिशन कापलं जातं. घेणाऱ्याला वर प्रीमियम भरावा लागतो तो वेगळाच. सावद्याच्या केळीवाल्याला अडत, हमाली, तोलाई समजावून सांगावी लागत नाही. तुम्हालाही लागू नये.

एकदा गेलेली वस्तू परत आणायची हौस मात्र महागात पडते. रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ साली लंडनच्या लिलावातून सोडवायला महाराष्ट्र सरकारने ४७.१५ लाख मोजले.

खानदेशात या बाबतीत वळण चांगलं नाही. राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले, तर लोकांनी बोली लावायची सोडून पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढलं. चाळीसगावचे केकी मूस वर्षानुवर्षं घराबाहेर पडले नाहीत. टेबलावर किरकोळ सामान मांडून ते असा फोटो काढत, की बघणाऱ्याला अख्खा देखावा खरा वाटावा. फोटो, शिल्पं, जुन्या वस्तू असं सगळं मागे ठेवून ते १९८९ साली गेले. इतका माल, शिवाय मुंबईला थेट गाडी! पण गावाने त्याचं कलादालन करून ठेवलं.

तेव्हा सही होईपर्यंत बाकीच्या वारसांना चाळीसगाव किंवा धुळे दाखवू नका. बिघडतील.