किरकोळ काम

आप्पांची जीप 'करायला टाकलीय'. हे वाक्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकी वर्षं ऐकू येतंय की नव्या पोरांना तेच तिचं मॉडेल वाटतं. कुठं आहे जीप? करायला टाकलीय. काय झालंय तिला? काही नाही, किरकोळ काम राहिलंय.

असा एक आप्पा गावोगावी असतो. साताऱ्यात असतो, नाशकात असतो. गोव्यात 2014 साली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा सुरू झाल्यापासून तर भर पावसात चिखलात रुतायला त्यांचा मेळा भरतो. वय पन्नाशीच्या अलीकडं-पलीकडं. उसाचं बिल वेळेवर जमा होतं. घरी एक रीतसर एसी गाडी असते आणि ती वहिनी चालवतात. आप्पांच्या खिशात रुमाल नसेल, पण सहा इंची स्टीलची पट्टी असते. लग्नाच्या मांडवात आहेराचं पाकीट देताना नखातलं ग्रीस दिसतं आणि ते दिसावं अशीच हाताची ठेवण असते.

कोल्हापूरच्या आप्पाला मात्र एक जादाची सोय आहे आणि तीच त्याच्या मुळावर आलेली आहे. इतर गावांत एखादा पार्ट मिळाला नाही तर माणूस चार ठिकाणी फिरतो आणि नाद सोडतो. शिवाजी उद्यमनगरात हाकेच्या अंतरावर फाउंड्री आहे, तिच्या समोर लेथ आहे, लेथवाल्याचा मेहुणा पॅटर्न करतो आणि त्याच्या शेजारी गॅस कटिंगवाला चहा पीत बसलेला असतो. मिळत नाही ते करून मिळतं. त्यामुळं 'मिळत नाही' म्हणून सुटका होण्याचा मार्गच इथं बंद आहे.

मूळ जीप महिंद्राची सीजे-थ्री-बी, पेट्रोल. महिंद्रांनी 1947 साली मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, तेव्हापासूनचा सगळा वंशवृक्ष आप्पांना तोंडपाठ आहे. थ्री-बीचं बॉनेट एवढं उंच का, हे ते पंगतीत जिलेबी थांबवून सांगतात. हरिकेन इंजिनाचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, म्हणून इंजिन उंच, म्हणून बॉनेट उंच. शेजारचा माणूस मठ्ठा पीत मान डोलावतो. त्याला वाटतं विषय संपला.

पेट्रोल परवडेना, घाटात दम पुरेना, म्हणून आप्पांनी इंजिन बदलायचं ठरवलं. भंगारातून महिंद्राचंच 2523 सीसीचं डिझेल इंजिन उचललं, त्याच्यामागं पाच गिअरचा बॉक्स, त्याच्यामागं फोर-बाय-फोरचा ट्रान्सफर केस, असं सगळं अखंड, शेपटासकट. आता जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 80 इंच. मूळचा तीन गिअरचा बॉक्स आखूड, तो त्या 80 इंचांत सुखानं नांदत होता. नवा पाहुणा लांबलचक. इंजिन पुढं घ्यावं तर पंखा रेडिएटर खातो. मागं घ्यावं तर मागचा प्रोपेलर शाफ्ट वीतभर उरतो आणि तो इतक्या वाकड्या कोनात फिरतो की क्रॉस महिनाभरात जीव सोडतील.

"आप्पा, मधली जागा धरूया," मेस्त्री म्हणाले.

मधली जागा धरली. माउंटिंग वेल्ड झाली, इंजिनावर हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला, पेढे वाटले. "इंजिन बसलं. आता काय, किरकोळ," आप्पा म्हणाले, आणि शेवटचं किरकोळ काम म्हणून गिअरचा दांडा लावला.

तो उगवला थेट आप्पांच्या मांडीशी, सीटच्या कडेला खेटून. पहिला गिअर पडला, टाळ्या झाल्या. दुसरा टाकायला मागं ओढला तसा दांडा सीटच्या पाइपला खणकन बसला आणि गिअर अर्ध्यात अडकला. चौथ्याचंही तेच.

माझं मत असं, की गाडीत गिअरच्या दांड्याइतकी चुगलखोर वस्तू दुसरी नाही. इंजिन खाली जरा तिरकं बसलं, बॉक्सची शेपटी बोटभर खाली गेली, एखादं माउंटिंग घाईत वेल्ड केलं, तर ते खाली वाकून कोण बघतो? पण दांडा वर असतो. खालची बोटभर चूक मुठीपाशी येईपर्यंत वाढत जाते आणि ती सगळ्या गॅरेजला दिसते.

"सीट मागं घेऊया का?" मेस्त्रींनी विचारलं. सीटखाली टाकी. टाकी हलवायची तर पत्रा कापायचा, पत्रा कापायचा तर आप्पांच्या वडिलांनी मारलेला हिरवा रंग जायचा. ते शक्य नव्हतं. "दांडाच नवा करायचा," आप्पा म्हणाले. आवाजात दुःख शोधूनही सापडलं नसतं.

त्यानंतरचे दिवस आप्पांच्या आयुष्यातले सुखाचे दिवस होते, असं वहिनीही मान्य करतात. वेल्डिंगची तार वाकवून नमुना करायचा, तो दांड्याच्या जागी धरायचा, डोळे मिटून हवेत गिअर टाकायचे, पुन्हा तार वाकवायची. घरी डायनिंगच्या खुर्चीवर बसून शेजारी लाटणं उभं धरून तिसऱ्याचा चौथा करताना त्यांना धाकट्या सुनेनं पाहिलंय.

मेस्त्रींनी एकच अट घातली होती, दांडा तापवायचा तर काढून तापवायचा. त्याच्या खालच्या टोकाला गोळा असतो आणि तो नायलॉनच्या वाटीत बसून फिरतो. शिवाय दांडा काढल्यावर भोकात चिंधी कोंबायची, नाहीतर ग्राइंडरचा चुरा थेट गिअरांवर. दांड्याभोवती चिंधी कोंबण्याएवढा वेळ आप्पांकडं होता, दांडा काढण्याएवढा नव्हता. "जागेवरच तापवा की, चार मिनिटांचं काम," म्हणून त्यांनी गॅसवाल्याला चढवलं. चौथ्या मिनिटाला वास आला. वाटी वितळून गोळ्याला शेवेसारखी चिकटली होती. मेस्त्री काही बोलले नाहीत, फक्त चहा सांगितला. नवी वाटी लेथवर करून घेतली. करून मिळते म्हटल्यावर काय.

पहिला दांडा आप्पांनी चांगला लांब पुढं नेऊन वाकवला. सीट सुटली, डॅशबोर्ड सुटला, दिसायलाही देखणा. पण दांडा गोळ्याभोवती फिरतो आणि मूठ गोळ्याच्या फार पुढं, फार खाली गेली तर ती पुढं-मागं सरकायच्या ऐवजी वर-खाली होते, हे तारेच्या नमुन्याला ठाऊक नव्हतं. तिसरा टाकायला मूठ खाली दाबायची, चौथ्याला वर उचलायची. आप्पा भर चौकात हापसा मारल्यासारखे गिअर टाकू लागले.

दुसऱ्या खेपेला मेस्त्रींनी पेन्सिल हातात घेतली. आधी सरळ वर, मग जरा पुढं, मूठ होईल तेवढी गोळ्याच्या डोक्यावर. दोन्ही टोकांना व्ही पाडून रीतसर जोड दिला. पण आप्पांनी उंचीत हात सैल सोडला होता. दांडा लांबला की जोर कमी लागतो, हे खरं. पण तेवढाच हात जास्त फिरतो. तिसऱ्याला आप्पांची बोटं डॅशबोर्डवर आदळली. मग दोन इंच कापला, पुन्हा आटे पाडले, आणि दांडा बसला.

इथं दुसरा कोणी थांबला असता. आप्पांना मूठ राहिली होती.

मूळच्या काळ्या बॅकेलाइटच्या मुठीला त्यांनी नाक मुरडलं. लाकडी पॅटर्न झाला, पितळ ओतलं, लेथवर गोळा झाला, त्यावर गिअरचा नकाशा कोरला आणि आप्पांनी तो स्वतः चिंचेनं घासला. वजन अर्ध्या किलोच्या खाली नसेल. खालचा दांडा भरीव, मध्ये कंपनीचा असतो तसा रबराचा बुश नाही, त्यामुळं डिझेल इंजिनाची सगळी थरथर मुठीतून मनगटात, मनगटातून कोपरात आणि तिथून थेट दातांत. "इंजिन बोलतंय बघा," आप्पा म्हणतात. ट्रायलला निघालेली जीप पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या पुढं एका खड्ड्यात आपटली तशी मुठीच्या वजनानं दांडा पुढून मागं आला आणि तिसरा गिअर सुटला. मेस्त्रींनी हलकी मूठ लावायला सांगितलं. आप्पांनी त्यावर हात धरून चालवायचं ठरवलं. आता एक हात स्टिअरिंगवर, एक पितळेवर.

"ह्यांनी लग्नात माझाही हात एवढा वेळ धरला नव्हता," वहिनी म्हणतात.

एक बाब राहिली. आरसी बुकात ही जीप अजून पेट्रोलची आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम, असले बदल परवानगीशिवाय करू नयेत असं सांगतं आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही कारखान्याच्या मूळ रचनेशी खेळायचं नाही असं बजावलंय. आप्पांना हे तारखेसह पाठ आहे. कागदांचं विचारलं की म्हणतात, "करायला टाकलेत."

बाकी जीप चालू आहे, म्हणजे सध्या. पाचही गिअर पडतात, रिव्हर्सही पडतो. आप्पा तुम्हाला "चला की पन्हाळ्याला" म्हणाले तर जरूर जा, हिरव्या रंगाचं कौतुक करा, बॉनेटच्या उंचीबद्दल विचारा. पण पुढं त्यांच्या शेजारी बसू नका. पहिला आणि दुसरा टाकताना ती पितळी मूठ शेजारच्याच्या उजव्या गुडघ्यावर येते. मागच्या बाकावर बसा आणि वरचा पाइप घट्ट धरा.