साहेबांसाठी वेगळं सांगितलंय

बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात बदली झाली की नातेवाईकांना हेवा वाटू लागतो. "मजा आहे बुवा! आज जळगाव, उद्या लातूर, परवा वेंगुर्ला. काय काय खायला मिळत असेल!" काय काय मिळतं ते मी सांगतो. पनीर मिळतं. जळगावला पनीर मिळतं, लातूरला पनीर मिळतं आणि वेंगुर्ल्याला समुद्राचा वारा अंगावर घेत पनीर मिळतं. मी मासे खातो हे तोंडातून निघेपर्यंत शाखाधिकाऱ्यांनी फोन ठेवलेला असतो आणि हात चोळत ते म्हणत असतात, "साहेबांसाठी वेगळं सांगितलंय."

या 'वेगळं' जेवणाइतकं एकसारखं जेवण महाराष्ट्रात दुसरं नाही. ते गावाबाहेर, हायवेच्या कडेला असलेल्या 'फॅमिली' हॉटेलातून येतं. तिथे दारात माशांची काचपेटी असते, टेबलावर प्लास्टिकमध्ये गोठवलेलं मेनूकार्ड असतं आणि त्यात काजू करी, पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी ही त्रिमूर्ती ठाण मांडून बसलेली असते. ही व्हेज कोल्हापुरी मी गोंदियात खाल्ली आहे, धुळ्यात खाल्ली आहे, उदगीरला खाल्ली आहे. कोल्हापुरात कुणाच्या घरी मात्र ती शिजताना दिसली नाही.

यात शाखाधिकाऱ्यांचा दोष नाही. तपासणीला आलेला माणूस म्हणजे अर्धा जावई आणि अर्धा फौजदार. त्याला भाकरी वाढायची? उद्या त्याने अहवालात काही वेडंवाकडं लिहिलं तर भाकरीमुळेच लिहिलं, असं सगळी शाखा म्हणणार. खरं तर जेवणाचे पैसे मीच देतो, तसा नियमच आहे. पण पैसे कोणीही दिले तरी इभ्रत शाखेची असते. शिवाय आपल्याकडे पाहुण्याला घरचं रोजचं वाढणं हा कमीपणा समजतात. ज्या पदार्थावर गाव लहानाचं मोठं झालं, नेमका तोच पाहुणा आला की फडताळात लपतो.

त्यात भर पडली ती पावतीची. माझा एक मित्र औषध कंपनीत आहे, महिन्यातले बरेच दिवस फिरतीवर असतो. त्याला जेवणाचे पैसे मिळतात ते पक्कं बिल जोडलं तरच. 2017 च्या जुलैत जीएसटी आल्यापासून त्याच्या हेड ऑफिसला बिलावर जीएसटीचा नंबरही दिसावा लागतो. आता बसस्टँडमागे ठेचा-भाकरी वाढणाऱ्या मावशींकडे हा नंबर कुठून असणार? त्यामुळे मित्र वर्षानुवर्षं काचपेटीतल्या माशांच्या सहवासात जेवतो. खान्देशातली शेवभाजी, मराठवाड्यातलं धपाटं, अमरावतीचा गिला वडा, यातलं काहीच त्याच्या खर्चाच्या तक्त्यात बसत नाही. आम्हा बँकवाल्यांना निदान ठरावीक हॉल्टिंग अलाउन्स असतो. काय खाल्लं हे बँक विचारत नाही, एवढं सुख आहे.

सगळे जिल्हे असे लाजाळू नसतात म्हणा. कोल्हापूरकराला पाहुण्यापुढे पनीर ठेवण्याची बुद्धी सहसा होत नाही. तो तुम्हाला मटणाच्या ताटापुढे बसवतो, तांबड्या रश्श्याची वाटी पुढे सरकवतो आणि स्वतः जेवायचं सोडून तुमच्या कपाळाकडे बघत बसतो. घाम फुटला की त्याचं समाधान होतं. मग तो पांढरा रस्सा पुढे करतो आणि "हे प्या, उतरतंय बघा" म्हणतो. नागपूरही तसंच. सकाळी नऊच्या आत, शाखेचं शटर उघडण्याआधी, तर्री पोहे झालेच पाहिजेत. पोह्यांवर हरभऱ्यांचा लाल झणझणीत रस्सा ओतून खायची ही रीत पुण्यातल्या माणसाला प्रथम पाहताना पोह्यांवर अन्याय वाटतो. चार घास पोटात गेल्यावर आजवर पोह्यांवर अन्याय कोण करत होतं, याचा विचार त्याच्या मनात येऊ लागतो. आणि सावजी! हलबा कोष्टी विणकरांच्या घरचा तो मसाला. हातमागाचा धंदा बसत गेला तसं त्यातल्या काही घरांनी जेवण विकायला काढलं आणि आज नागपुरात गल्लोगल्ली सावजीच्या पाट्या दिसतात. "साहेब, तिखट चालन ना?" असं वाढपी विचारतो खरा, पण उत्तरासाठी थांबत नाही.

या गावांचं काही अडत नाही. त्यांच्या पदार्थांना नाव आहे, त्या नावाच्या पाट्या आहेत. अडतं ते ज्यांच्या पाट्या लागलेल्या नाहीत त्यांचं. आणि माझ्या मते खरं खाणं तिथेच आहे.

वेंगुर्ल्याच्या बाजूला भर पावसाळ्यात इन्स्पेक्शन लागलं होतं. मासेमारीची बंदी चालू होती, त्यामुळे मासे नाहीत हे ठीक. पण दुपारी आतल्या खोलीतून जो वास येत होता, त्यापुढे माझ्या ताटातली काजू करी अगदी परकी वाटायला लागली. आत शिपाईकाका जेवत होते. उकड्या तांदळाचा भात आणि त्यावर कुळथाची पिठी. कोकणातल्या पावसाळ्यात पिठीचा भात म्हणजे काय, हे ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको आणि ज्याने खाल्लेला नाही त्याला सांगून उपयोग नाही. कुळीथ भाजून भरडलेलं पीठ, लसणीची फोडणी, दोन सोलं, वर ओल्या खोबऱ्याची चिमूट. दहा मिनिटांत होते. मी काकांना म्हटलं, "मला वाढाल का थोडी?" काका एवढे घाबरले की हातातला घास परत पानात ठेवला. "साहेबानू, तुमका पिठी कशी वाढू?" त्यांच्या लेखी पिठी हे घरात काहीच नसताना करायचं कालवण. ते साहेबाच्या पानात पडणं म्हणजे शाखेची अब्रू चव्हाट्यावर. शेवटी काजू करी काकांनी घ्यावी आणि पिठी मला द्यावी, असा तह झाला. काकांनी काजू करी खाल्ली, पण फारशी आवडलेली दिसली नाही.

तेव्हापासून 'तुमच्याकडचं प्रसिद्ध काय?' हा प्रश्न मी टाकला आहे. या प्रश्नाला गाव घाबरतं आणि तुम्हाला हायवेवर नेऊन सोडतं. त्याऐवजी कॅशियरबाईंना सहज विचारावं, "आज डब्यात काय?" डबा खोटं बोलत नाही. सोलापुरात या प्रश्नाला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी मिळते. भाकरी इतकी कडक की पहिला तुकडा मोडताना पलीकडच्या काउंटरवरचा ग्राहक वळून बघतो. आणि चटणी पाट्यावर किंवा उखळात कुटलेली असेल तर तिला सुटलेलं तेल बोटांना लागतं. त्या बोटांनी मग लेजरची पानं उलटू नयेत, एवढं पथ्य पाळावं.

जळगावची गोष्ट जरा वेगळी. तिथे भरीत लपवत नाहीत, उलट थंडी पडली की गावभर भरिताशिवाय विषय नसतो. वांगी साधी नव्हेत. हिरवट पांढरी, हातभर लांब, बिया कमी. 2016 मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बामणोदच्या वांग्याचं नाव घेतलं की तिथली माणसं अदबीने बोलायला लागतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणीबरोबर ठेचायची, मग तेलात कांद्याची पात आणि शेंगदाणे. टोमॅटोचं नाव काढायचं नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेल्या पिठाची.

माझी अडचण भरिताची नव्हती, भरीत करणाऱ्याची होती. शेतातल्या भरीत पार्टीला आग्रहाने बोलावणारे गृहस्थ शाखेचे कर्जदार निघाले आणि कर्जदाराकडून पाहुणचार घेऊ नये असा आमच्याकडे स्पष्ट नियम आहे. वांग्याच्या पिकासाठी ज्याला कर्ज दिलं, त्याच्याच वांग्याचं भरीत तपासनीसाने खाल्लं तर ते नेमकं कोणत्या सदरात धरायचं, याचं मार्गदर्शन एकाही परिपत्रकात नाही. सुदैवाने जळगाव हे हिशेबी गाव आहे. तिथे हिवाळ्यात तयार भरीत दुकानात वजनावर मिळतं. मी पैसे मोजून अर्धा किलो भरीत आणि कळण्याच्या भाकरी बांधून घेतल्या आणि लॉजच्या खोलीत, सचोटीला कुठेही धक्का न लावता, एकट्याने संपवल्या. चव उत्तम होती. पण चार माणसं, शेकोटी आणि केळीच्या पानाशिवाय खाल्लेलं भरीत हे शेवटी वजनावर घेतलेलंच भरीत.

लातूरला मात्र सचोटीचा निभाव लागला नाही.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्या असते. तिकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी शहर अक्षरशः रिकामं होतं. दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, सगळी माणसं शेतात. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात, पण ही सुट्टी बँकांना लागू नसते. त्यामुळे त्या दिवशी शाखा उघडी होती आणि आत आम्ही होतो. ग्राहक एकही नाही. कॅशियर दर थोड्या वेळाने तीच रोकड पुन्हा मोजत होते. दुपारी जेवणाची वेळ झाली तेव्हा एक अद्भुत गोष्ट घडली. शाखाधिकाऱ्यांनी हायवेवरच्या हॉटेलला फोन लावला आणि पलीकडे कोणी उचललाच नाही. आचारी शेतात गेला होता.

त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. मी मात्र आतून हरखलो होतो. रोकड जुळवून, कुलपं लावून आम्ही निघालो. "चला की साहेब, आमच्याच शेतात," कॅशियर म्हणाले. ते बँकेचे कर्मचारी होते, कर्जदार नव्हते, तेव्हा नियमाची अडचण नव्हती. निदान बांध ओलांडेपर्यंत तरी नव्हती.

हिरव्या ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप उभी केलेली, तिच्यात मांडलेले पाच पांडव, पूजा झालेली. मग पानं मांडली. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे ओले दाणे, हाताला लागतील त्या पालेभाज्या, शेंगदाणे, हे सगळं बेसन लावून, चिंच घालून दाट शिजवलेलं. त्या मोसमात रानात जे जे उगवतं त्याची ती एकत्र हजेरी. तिच्याबरोबर बाजरीचे उंडे, भाकरी, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर. आणि मडक्यातली आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, त्यात लसूण, आलं, हिरवी मिरची. मडक्यात गार झालेली ही आंबील थंडीच्या दिवसात, भर उन्हात, तांब्याने प्यायची असते. पहिल्या घोटाला ती आंबट लागते, दुसऱ्याला तिखट, आणि तिसऱ्यापासून चव ठरवायचा प्रयत्न आपण सोडून देतो.

येळवशीला एका शेतात जेवून भागत नाही. शेजारच्या बांधावरून हाक येते आणि तिला नाही म्हणायची रीत नाही. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून पानावर बसवतात, तर बँकेच्या साहेबाला कोण सोडणार? पहिल्या शेजाऱ्याकडे भज्जी झाली. दुसऱ्याकडे खीर झाली. तिसऱ्या बांधावर पांढरं धोतर नेसलेले एक वयस्कर गृहस्थ मडकं घेऊन उभे होते. त्यांना पाहताच शाखाधिकारी माझ्या कोपराला स्पर्श करून कुजबुजले, "साहेब, हे... विहिरीच्या कर्जाची ती फाइल." सकाळीच मी त्या फाइलवर लाल शाईने दोन ओळींचा शेरा लिहिला होता.

"या की साहेब," ते म्हणाले, "हीच ती विहीर. कागदावर बघितली असंल, आता डोळ्यानं बघा."

मी विहीर पाहिली. पाणी भरपूर होतं. म्हातारबांनी तांब्या भरून पुढे केला. शाखाधिकारी आकाशाकडे बघू लागले, कॅशियर ज्वारीकडे. फाइलवरचा शेरा मी काही बदलला नाही, कारण दोन हप्ते थकले होते ते थकलेच होते. आंबील मात्र पुन्हा मागून घेतली.