परत येण्याचा दाखला

समुद्रपूरच्या तहसीलीत दाखला मिळत नाही अशी गोष्ट फार थोडी. उत्पन्नाचा मिळतो, रहिवासाचा मिळतो, जातीचा मिळतो, हयातीचाही मिळतो. गेल्या हिवाळ्यात मात्र आमच्या ओळखीच्या एका काकाजींनी सेतू केंद्राच्या खिडकीत डोकं घालून विचारलं, "परत येण्याचा दाखला भेटते का हो इथं?" आतल्या पोरानं कॉम्प्युटरवरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "नाई काकाजी. तुमी आंधी जाऊन तं या."

त्याचं असं झालं. काकाजींचा मुलगा लंडनला नोकरीत. पासपोर्ट भारताचा, बिऱ्हाड ब्रिटनचं आणि हौस युरोपची. मे महिन्यात आईबापाला लंडनला न्यायचं, तिथून पॅरिस आणि अॅम्स्टरडॅम दाखवायचं, असा त्याचा बेत. ब्रिटनचा व्हिसा कसाबसा झाला. पण ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं खेडं. 14 जून 1985 रोजी, आमच्याकडे पेरणीची धांदल चालू असताना, पाच देशांचे प्रतिनिधी तिथे एका बोटीवर जमले आणि आपसातली सीमेवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असं त्यांनी ठरवलं. आज असे 29 देश आहेत. एकदा आत शिरलं की सहसा कोणी अडवत नाही, म्हणून जी काय अडवणूक करायची ती दारातच उरकून घेतात.

नियम असा, की माणूस जिथे राहतो तिथूनच त्यानं अर्ज करायचा. म्हणजे मुलानं लंडनहून, आईबापानं मुंबईहून. सहल एक, फायली दोन खंडांत. मुलगा लंडनलाच परत जाईल हे मुलानं पटवायचं, आईबाप समुद्रपूरलाच परत येतील हे त्यांनी. मुलाच्या शेजारच्या खुर्चीवरचा गोरा सहकारी बॅग उचलून 90 दिवसांपर्यंत व्हिसाविना पॅरिसला जाऊ शकतो. एकाच कंपनीत, एकाच पगारावर काम करणाऱ्या दोघांपैकी पळून जाण्याचा संशय कोणावर, हे पासपोर्टचं आवरण पाहून ठरतं.

मुलाचं निभावलं. खरी गंमत काकाजींच्या फायलीत होती. या माणसानं तीस वर्षं स्वतःला गरीब सिद्ध करण्यात घालवलेली. रेशनकार्ड केशरी, म्हणजे उत्पन्न लाखाच्या आत. पोराच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेला दाखला त्याहून खालचा. तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत सगळ्यांनी सही-शिक्क्यानिशी प्रमाणित केलेलं हे दारिद्र्य. आणि आता दूतावासाला हवा होता खातापिता माणूस. "तीन वर्षांचे आयकर विवरण जोडा," असं यादीत लिहिलेलं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे विवरण कधी भरलंच नव्हतं. एजंट म्हणाला, "काकाजी, ते उत्पन्नाचा दाखला फायलीत लावू नका, तिकीट कुठून काढलं इचारतीन."

बँकेचं स्टेटमेंट तर वाचनीयच होतं. जानेवारीत सीसीआयकडून कापसाचे पैसे एकदम जमा. त्याच आठवड्यात कृषी केंद्राची उधारी गेली, मळणीवाल्याचे गेले, थोडे बाजूला राहिले. मग अधूनमधून पीएम किसानचे दोन हजार. शेतकऱ्याला दर महिन्याच्या एक तारखेला पैसे मिळत नसतात, हे पगारी माणसाला कळणं कठीण. त्याला एकरकमी जमा दिसली की ती कोणाकडून तरी उसनी आणून टाकल्यासारखी वाटते.

पुढचा कागद म्हणजे रजा मंजूर केल्याचं पत्र. "अमुक तारखेला कामावर रुजू होईल" असं मालकानं लिहून द्यायचं. काकाजींनी विचारलं, "हे कोनापासून आनू? बैलापासून?" खरं तर त्यांचा मालक कडक आहे. मृग लागायच्या आत वावरात हजर नसलं तर वर्ष हातचं जातं. पण मृग नक्षत्राकडे लेटरहेड नाही.

विम्याची अट मात्र काकाजींना मनापासून आवडली. किमान 30,000 युरोंचं संरक्षण, म्हणजे आपल्या पैशात तीस लाखांच्या घरात. आमच्या राज्यात 2023 साली एक रुपयात पीकविमा आला आणि दोन वर्षांत गेलाही. बोंडअळीनं वावर खाल्लं तरी ज्याचा पंचनामा व्हायला महिना लागतो, त्याला पॅरिसात नुसतं चक्कर येऊन पडलं तरी तीस लाखांचं कवच! आणि त्या विम्यात आणखी एक सोय सक्तीची आहे: माणूस तिकडे मेलाच तर त्याला मायदेशी पोचवण्याचा खर्च. जिवंतपणी परत जाईल यावर विश्वास नाही, मेल्यावर मात्र पक्का बंदोबस्त.

मग वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई. तिथे काचेच्या यंत्रावर दहाही बोटांचे ठसे. काकाजींच्या बोटांवरच्या रेषा डवऱ्यानं आणि कापसाच्या बोंडांनी केव्हाच घासून नेलेल्या. आमच्या रेशन दुकानातलं यंत्रही त्यांना तिसऱ्या-चौथ्या दाबाला ओळखतं. इथल्या पोरीनं बोटं पुसली, पुन्हा दाबायला लावली, पुन्हा पुसली. बैलबाजारात दात मोजून घ्यावेत तसे अखेर दहाही ठसे मोजून घेतले. फी माणशी 90 युरो, व्हिसा नाकारला तरी परत नाही.

याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आहे. बापूंची कुटी पाहायला युरोपातून लोक येतात. 2014 पासून आपण ई-व्हिसा सुरू केला, तेव्हा त्यातल्या पुष्कळांचं काम घरबसल्या होतं. फोटो चढवला, पैसे भरले, निघाले. त्यांच्याकडे कोणी सातबारा मागत नाही. ते परत जातील याबद्दल आपल्याला शंकाच नसते. उलट आणखी चार दिवस राहिले तर हॉटेलवाल्याला बरंच.

पंधरा दिवसांनी निकाल आला. छापील कारणांच्या यादीतल्या एका चौकटीवर खूण: मुदत संपण्यापूर्वी आपण परत जाल या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे. 2024 मध्ये भारतातून अकरा लाखांवर शेंगेन अर्ज गेले आणि त्यांतले दीड लाखाहून जास्त नाकारले गेले, तेव्हा काकाजी एकटे नाहीत. पण ते भडकले. "सातबारा पायला नाई काय त्यायनं? त्याच्यावर सोसायटीचा बोजा हाय ना! मी पॅरिसात राहून गेलो तर ते सचिव मले तिथून उचलून आनन!"

हा पुरावा खरोखर कोणी वाचला नाही. इतर हक्कांच्या रकान्यात पीककर्जाची नोंद होती, इंग्रजी भाषांतर आणि नोटरीच्या शिक्क्यासह. लाखाच्या आतबाहेरचं कर्ज विदर्भातल्या माणसाला गावाशी जसं बांधून ठेवतं, तसं कोणतंही रजेचं पत्र बांधत नाही.

यावर दूतावास म्हणेल, की कर्जामुळे माणूस परत येतो असा अनुभव नाही. तेही खरंच. बँकांची हजारो कोटींची देणी मागे ठेवून विजय मल्ल्या मार्च 2016 मध्ये लंडनला गेले. पंजाब नॅशनल बँक घोटाळ्यातले आरोपी नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी 2018 च्या जानेवारीत देशाबाहेर पडले. चोक्सी तर एप्रिल 2025 मध्ये बेल्जियममध्ये, म्हणजे खुद्द शेंगेन क्षेत्रात, सापडले. आयकर विवरण, बँकेची शिल्लक, कंपनीचं लेटरहेड यांपैकी काय कमी होतं यांच्याकडे? काकाजींचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी कर्ज फार थोडं घेतलं.