चौथी सीट

मी मर्यादा पाळणारा माणूस आहे. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ अशी पाटी आहे. म्हणजे माणशी ६८ किलो. आमच्या सोसायटीत ६८ किलोचा माणूस शेवटचा कधी दिसला ते आठवावं लागेल. त्यामुळे आत सहा जण दिसले, तरी मी मनातल्या मनात बेरीज करतो आणि जिन्याने चौथा मजला गाठतो. औषधाच्या पाकिटावरची तारीख उलटली, की त्याच रात्री गोळ्या कचऱ्यात. अशा माणसाला २०१६ च्या पावसाळ्यात अचानक वाटू लागलं, की लॅपटॉपची कंपनी आपल्याशी खोटं बोलते आहे.

लॅपटॉप २०११ चा. त्यात २ अधिक २ अशी ४ जीबी रॅम. माझं काम भाषांतराचं. म्हणजे एका खिडकीत इंग्रजी मजकूर, दुसरीत मराठी, तिसरीत मोल्सवर्थ, आणि बाकीच्या पंचवीस खिडक्यांत भाषांतर सोडून सगळं. एवढं उघडलं, की लॅपटॉप दळणाच्या गिरणीसारखा घरघरायचा. बायको म्हणाली, “अहो, नवा घ्या.” पण मी आधी माहितीपत्रक काढून वाचलं. त्यात ‘कमाल मेमरी ८ जीबी’ असं लिहिलेलं. मग आतल्या आय-५ प्रोसेसरची माहिती इंटेलकडून काढली, तर तिथे १६ जीबी. खुलासा साधा होता. लॅपटॉप बाजारात आला तेव्हा ८ जीबीची एक पट्टी दुर्मीळ आणि महाग होती. कंपनीने ४ अधिक ४ लावून पाहिलं असणार, चाललं असणार, आणि तोच आकडा छापला असणार.

हे तीन ‘असणार’ माझे होते. पण मी त्यांच्याकडे कायद्याच्या कलमांसारखं बघत होतो.

डोंबिवलीहून दादर, तिथे पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, मग ग्रँट रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी जिभेवर लॅमिंग्टन रोडच. हे लॅमिंग्टनसाहेब १९०३ ते १९०७ मुंबईचे गव्हर्नर होते. आता त्यांच्या नावावर पेनड्राइव्ह आणि चार्जर विकले जातात. दुकान जेमतेम खाटेएवढं. काउंटरवरच्या शेठनी माझं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं, प्रोसेसर, माहितीपत्रक, सगळं. मग म्हणाले, “साहेब, लोकल में तीन की सीट पे चौथा बैठता है ना? तसंच.”

ही उपमा ऐकून मी विरघळलो. तीस वर्षं मी त्या चौथ्या सीटवर अर्ध्या बैठकीवर प्रवास केला आहे. तिथे बसण्याची परवानगी कुठल्याही नियमात नाही, आणि तिथे बसू न देणारा माणूस मध्य रेल्वेवर अजून जन्माला यायचा आहे. ८ जीबीच्या दोन पट्ट्या, पाच हजार सहाशे रुपये.

रात्री जेवणं आटोपल्यावर शस्त्रक्रिया. अंगातली स्थिर वीज घालवायला आधी नळाला हात लावावा, असं वाचलं होतं. जुलैच्या डोंबिवलीत पापडसुद्धा मऊ पडतात, तिथे स्थिर वीज कुठली, पण मी नळाला हात लावला. दोनदा. स्क्रू ठेवायला मिसळणाच्या डब्यातली हिंगाची वाटी रिकामी करून घेतली. एक खाच लॅपटॉपच्या पोटाखालच्या झाकणात होती, ती सोपी. दुसरी कीबोर्डच्या खाली. कीबोर्ड उचलायचा म्हणजे त्याला मदरबोर्डशी जोडणारी कागदासारखी पातळ पट्टी सोडवायची, आणि ती धरून ठेवणारी काळी कडी तांदळाच्या कणीएवढी. ती नखाने अलगद उचलायची असते. मी अलगद उचलली.

नवी पट्टी तिरकी घालायची, दाबायची, की दोन्ही बाजूंच्या चिमट्यांचा ‘खट्’ असा आवाज येतो. २०४ पिना एका दमात जागेवर बसतात. आयुष्यात इतकं निःसंदिग्ध उत्तर मला फार थोड्या वेळा मिळालं आहे. दोन्ही पट्ट्यांनी ‘खट्’ म्हटलं. मी बटण दाबलं.

काळा पडदा. आणि बीप, बीप, बीप.

“अहो, मायक्रोवेव्ह लावलाय का?” आतून आवाज आला.

पुन्हा उघडलं, पट्ट्यांची अदलाबदल केली, पुन्हा बीप. जुन्या पट्ट्या लावल्या, तर लॅपटॉप काही झालंच नाही अशा चेहऱ्याने सुरू झाला. रात्रीचा एक वाजला होता. माझ्या बोटांना हिंगाचा वास येत होता, आणि वाटीत एक स्क्रू उरला होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दादर, पुन्हा पूल, पुन्हा ग्रँट रोड. या वेळी शेठ नव्हते, विशीतला पोऱ्या होता. त्याने पट्टी उलटसुलट केली आणि लगेच म्हणाला, “आठ चिप वाली दी आपको.” मग त्याने मला जे समजावलं, ते मी आदल्या आठवड्यात स्वतः शोधून काढायला हवं होतं. ८ जीबीच्या पट्टीवर आठच चिपा असतील, तर एकेक चिप ८ गिगाबिटची. एवढी जाडजूड चिप माझ्या पिढीच्या प्रोसेसरला वाचता येत नाही. त्याला दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा लागतात, ४ गिगाबिटच्या. “चौथी सीट है साहब,” तो म्हणाला, “चौथा पतला मंगता.” पैसे न घेता त्याने पट्ट्या बदलून दिल्या. मी काउंटरवर उभा राहून दोन्ही पट्ट्यांवरच्या चिपा मोजल्या. मग परत मोजल्या. मागे रांग लागली होती.

चौथ्यांदा कीबोर्ड उचलताना मी त्या काळ्या कडीशी जुन्या ओळखीच्या माणसासारखा वागलो. ‘टिक्’ असा बारीक आवाज झाला. आवाज आला म्हणजे बसलं, एवढा धडा मी दोन दिवसांत शिकलो होतो, म्हणून पुढे गेलो.

बटण. काही सेकंद काळोख. मग बायोसच्या निळ्या पडद्यावर आकडा आला: १६३८४ एमबी.

मी बायकोला झोपेतून उठवलं. तिने आकडा पाहिला, मला पाहिलं, “छान” म्हणाली आणि परत जाऊन झोपली. मी मोबाइलवर फोटो काढला. कंपनी ८ म्हणाली होती, आणि मी, जिन्याने चढणाऱ्या माणसाने, त्याचे १६ केले होते.

मग विंडोज सुरू झालं. माहितीची खिडकी उघडली. रॅम १६ जीबी, असं तिथे स्वच्छ लिहिलेलं होतं, आणि पुढे कंसात: त्यापैकी वापरण्याजोगी ७.९.

पहाटे तीनपर्यंत मी ते कंस बघत बसलो. सकाळी त्यांच्याकडे सवडीने बघू असं ठरवलं आणि झोपण्यापूर्वी एक हातावेगळं काम उरकलं. एका दिवाळी अंकासाठीचा लेख तयार होता, तो संपादकांना पाठवायचा होता. मी इनस्क्रिप्टवर टंकतो, आणि टंकताना पडद्याकडे न बघता बोटांकडे बघतो. ही सवय मोडायला हवी, असं मी १९९८ पासून म्हणतो आहे. लेख जोडला, चार ओळी लिहिल्या, पाठवलं, झोपलो.

सकाळी साडेदहाला संपादकांचा फोन. आवाज खाली गेलेला.

“तुमची मेल वाचली. फार वाईट वाटलं. नसकर तुमचे कोण?”

मला काही कळेना. त्यांनी धीर दिला, “सावकाश सांगा. निधन कधी झालं?”

मी मेल उघडली. तिथे लिहिलं होतं: ‘नसकर. लेख पठवत हे. जकूर वचून कळव. नधनचं बघ.’

कीबोर्डवरची इंग्रजी ई, डी आणि सी ही बटणं आतून एकाच तारेवर असतात, हे मला त्या दिवशी समजलं. इनस्क्रिप्टमध्ये त्या तीन बटणांवर काना, हलन्त आणि म बसतात, शिफ्ट दाबलं की आ, अ आणि ण. कडी मोडल्यामुळे ती पट्टी अर्धवट बसली होती आणि नेमकी हीच तार सुटली होती. नमस्काराचे नसकर झाले, मानधनाचं नधन झालं. ‘कळवा’ आणि ‘बघा’ यांचे काने गळाल्याने तीस वर्षं अहो-जाहो केलेल्या माणसाला मी अरे-तुरे करून पैसे मागितले होते, तेही कोणाच्या तरी तेराव्याच्या घाईत.

“नसकर गेले नाहीत,” मी म्हणालो. “ते नव्हतेच.” संपादक बराच वेळ काही बोलले नाहीत. हा धक्का मी अजून पचवू शकलेलो नाही, असा त्यांचा समज झाला असावा.

रविवारी भाचा आला. तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. त्याला आधी का विचारलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते मी मामा या नात्याने देत नाही. त्याने परतीच्या रेल्वे तिकिटाची घडी करून ती मोडलेल्या कडीच्या जागी पाचरीसारखी बसवली. काना परत आला. म परत आला. मग त्याने ते कंस पाहिले.

“मामा, हे होम बेसिक आहे.”

“म्हणजे?”

“विंडोज ७ होम बेसिक. ६४ बिटचं असलं तरी ८ जीबीच्या वर रॅम घेत नाही. होम प्रीमियम १६ घेतं. प्रोफेशनल १९२.”

“प्रोसेसर १६ घेतो,” मी क्षीणपणे म्हणालो.

“प्रोसेसर घेतो. बायोसने पण घेतली. विंडोजला ८ पुरे.” त्याने लॅपटॉप उलटा केला. कीबोर्डखालच्या पट्टीला हात लावू नकोस, असं मी दोनदा सांगितलं. त्याने पोटाचं झाकण उघडलं, तिथली पट्टी चिमट्यांतून सोडवली आणि लॅपटॉप सुरू केला. आता कंसात काय आहे ते मी बघितलं नाही. लॅपटॉप मात्र खरंच पळत होता, गिरणी थांबली होती, पंचवीस खिडक्या पटापट उघडत होत्या.

“आता किती आहे?” बायकोने विचारलं.

“आठ,” भाचा म्हणाला. “कंपनीने पण आठच लिहिलेलं ना, मामा?”

चहाचा कप खाली ठेवून त्याने काढलेली पट्टी उजेडात धरली, दोन्ही बाजूंच्या चिपा मोजल्या आणि रुमालात गुंडाळून खिशात टाकली. जरा हिंगाचा वास येतोय, म्हणाला, पण चालेल, माझ्या लॅपटॉपला लावून बघतो. त्याच्या लॅपटॉपची मर्यादा किती आहे, ते मी विचारलं नाही.