रूळ उचला, पाहुणे येतील

न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल रेल्वेचा मिडलमार्च ते क्लाइड हा पट्टा १९९०मध्ये बंद पडला. रूळ उचलले, खडी दाबली आणि २००० साली तिथे दीडशे किलोमीटरची वाट खुली केली. गाडी होती तेव्हा बसायला माणसं मिळेनाशी झाली. आता पायी चालायला लोक विमानाचं तिकीट काढून येतात!

आमची शकुंतला, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची अडीच फुटी रेल्वे, तीही थांबली. रुळांत बाभळी, स्लीपरच्या फटीत शेळ्यांच्या लेंड्या. चालणारे आमच्याकडेही आहेत, कुणी सायकलवरून गवताचा भारा नेतो. पण पाटी नाही, कॅफे नाही, त्यामुळे त्याला पर्यटन म्हणत नाहीत. वावरात जाणं म्हणतात.