उशिरा आलेला पाहुणा

जून १९८२ मध्ये अमेरिकेतल्या थिएटरांत परग्रहावरचे दोन पाहुणे उतरले. ११ तारखेला स्पीलबर्गचा ई.टी. डोळे टपोरे, स्वभाव गरीब. त्याच्यापायी अख्खा देश रुमाल भिजवत बसलेला असताना २५ तारखेला जॉन कारपेंटरचा ‘द थिंग’ येऊन टपकला. हा पाहुणा यजमानालाच गिळतो आणि हुबेहूब त्याचंच रूप घेऊन गप्पांना बसतो. आता याला कोण पाट मांडणार?

समीक्षकांनी वाभाडे काढले. बहुतेकांना शिसारी आली, आणि ते मी समजू शकतो. छातीवर विजेचे झटके देताना रोग्याचं पोटच जबडा वासतं आणि डॉक्टरचे दोन्ही हात कोपराशी तोडतं, तेव्हा माझ्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी होती. पुढे त्याच रोग्याचं मुंडकं गळून पडतं, त्याला कोळ्यासारखे पाय फुटतात आणि ते गुपचूप दाराकडे निघतं. बशी बायकोने उचलली. हे सगळं संगणकाच्या मदतीशिवाय घडवणारा रॉब बॉटिन तेव्हा जेमतेम बाविशीचा होता. या वयाच्या मुलाला आपण गॅस बंद केलास का, असं दोनदा विचारतो.

दुसरी तक्रार मात्र मला पटत नाही: म्हणे पात्रं सपाट, कोण कोण ते कळत नाही. अहो, तीच तर गोम आहे! अंटार्क्टिकातल्या तळावर बारा पुरुष, आणि त्यांतला माणूस कोण हे त्यांनाही कळत नाही. हिशेब न जुळलेल्या सोसायटीच्या वार्षिक सभेसारखे सगळे एकमेकांकडे बघतात. मग त्यांच्यातलाच एक, मॅकरेडी, प्रत्येकाचं रक्त बशीत घेऊन त्यात तापलेली तार बुडवतो. तार चुरर् करते, आपण श्वास सोडतो, पुढची बशी. एकदाचा सोक्षमोक्ष लागतो, तरी तळप्रमुख गॅरी सोफ्याला बांधलेलाच. तो आधी अगदी सभ्यपणे सोडवायची विनंती करतो आणि त्याच वाक्याच्या शेवटी किंचाळतो. इतकं खरं माणूसपण ई.टी.च्या गावातही सापडायचं नाही.

‘द थिंग’च्या एन्नियो मोरिकोनेने दिलेल्या संगीताला तर ‘रॅझी’चं, म्हणजे वर्षातल्या वाईटाचं, नामांकन मिळालं. यातल्या न वापरलेल्या काही चाली पुढे टॅरँटिनोच्या ‘द हेटफुल एट’मध्ये वाजल्या आणि त्या चित्रपटाच्या संगीताला २०१६ मध्ये ऑस्कर मिळालं.

आता ‘द थिंग’ अभिजात ठरलाय. दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन तळावर हिवाळ्याआधीचं शेवटचं विमान उडालं की मागे राहिलेली मंडळी प्रथेप्रमाणे हाच चित्रपट लावतात. पुढचे आठेक महिने त्याच चेहऱ्यांसोबत काढायचे असतात.